लकव्याची तालीम

कोल्हापुरात आमच्या पेठेत पत्ता सांगायचा तो तालमीवरून. तालमीच्या पुढं, तालमीच्या मागं, तालमीच्या बोळात. आमचं घर तालमीला भिंतीला भिंत लावून आहे, आणि त्या तालमीचे वस्ताद म्हणजे माझे सासरे. गल्ली त्यांना वस्ताद म्हणायची, घरात आम्ही आबा म्हणायचो. लाल मातीत उभा जन्म गेलेला, आवाज असा की बोळाच्या तोंडाशी उभा असलेला रिक्षावाला दचकावा. माझ्याशी मात्र त्यांचं बोलणं ठरलेलं: सकाळी "भाकरी झाली काय?" आणि रात्री "दार लावून घ्या." सुनेशी याहून जास्त बोलणं आपल्याला शोभत नाही, असं त्यांचं मत होतं. मला कुणी बंदी घातली नव्हती, त्यामुळं घरातलं उरलेलं सगळं बोलणं माझ्या वाट्याला आलं आणि मी ते काही वाया घालवलं नाही.

ही गोष्ट नव्वद सालानंतरची. गल्लीत नुकतीच केबल आली होती आणि पोरं तालमीत कमी, टीव्हीपुढं जास्त दिसतात म्हणून आबांचं डोकं कायम तापलेलं. अशाच एका सकाळी आखाड्यातली माती उकरून घेताना ते कुणाला तरी ओरडत होते, आणि ओरडता ओरडता कलले. पैलवानांनी खांद्यावर घालून बाहेर आणलं तेव्हा तोंड वाकडं झालेलं आणि उजवी बाजू सगळी गेलेली. लकवा.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जीव वाचवला, हे त्यांचं मोठं काम. पण घरी आले ते आबा वेगळेच. उजवा हात लोळागोळा, उजवा पाय फरफटणारा आणि तोंडात एकच शब्द उरलेला: "धर." कुस्ती चालू असताना ते काठावरून "धर, धर की!" असं ओरडायचे, तेवढाच कसा कोण जाणे मागं राहिला. पाणी पाहिजे तरी "धर", उशी नको तरी "धर", राग आला तर "धर धर धर". मालक, म्हणजे माझे मिस्टर, दिवसभर उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथवर. घरी मी आणि ते एकुलतं एक "धर". कशाला कुठलं हे ओळखता ओळखता माझ्या नाकी नऊ आले.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी तालमीतले पैलवान खुर्ची घेऊन हजर. वस्तादांना खुर्चीत बसवून तालमीत न्यायचं, मारुतीचं दर्शन घडवायचं, असा बेत. आबांनी खुर्चीकडं बघितलं आणि डाव्या पायानं अशी लाथ घातली की खुर्ची चुलीपर्यंत गेली. मग भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. सगळ्यांना कळलं. तालमीतनं दुसऱ्याच्या खांद्यावरून बाहेर आलेला माणूस आता आत जाईल तर स्वतःच्या पायानं, नाहीतर जाणारच नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात, गल्लीत, तालमीत एकच प्रश्न होता: आबा चालत आत जाणार का?

आता पैलवान माणसाला लकवा म्हणजे काय वाटणार? हात मऊ पडलाय, मग त्याला मेहनत पाहिजे! तालमीतला थोरला पैलवान, आबांचा लाडका चेला, सकाळ-संध्याकाळ दोघं-तिघं घेऊन यायचा. तेलाची वाटी गरम करून मालिश. अंगाचा रगडा. मग पाय छातीशी रोवून तो मेलेला हात धरून ओढायचा. "सुटंल बगा, वस्ताद, शिरा सुटतील!" आबांच्या डोळ्यातनं घळाघळा पाणी यायचं. पैलवानांना वाटायचं, वस्तादांना आमच्या मायेनं भरून आलं. तेही डोळे पुसायचे आणि आणखी जोरानं ओढायचे. प्रेम होतं हो ते, अगदी निर्मळ प्रेम. पण आंघोळ मी घालत होते. त्या खांद्याला बोट लावलं तरी आबांचं सगळं अंग आकसतंय आणि खांदा गोल राहिलेला नाही, खाली उतरलाय, हे मी बघत होते.

एका संध्याकाळी मी मध्ये उभी राहिले. हातात लाटणं होतं, ते काही मुद्दाम घेतलेलं नव्हतं. म्हटलं, "सोडा आधी तो हात. मारताय काय माणसाला?"

थोरला पैलवान माझ्याकडं बघून हसला. "वयनी, हे मेहनतीचं काम हाय. तुमास्नी त्यातलं कळायचं न्हाई."

अंगाचा नुसता तिळपापड झाला. "मला मेहनतीतलं कळत न्हाई, पण रडण्यातलं कळतं. त्यास्नी माया आली न्हाई, त्यास्नी दुकतंय! तोंडातनं शब्द फुटत न्हाई म्हणून काय ओरडणं बी कळंना व्हय तुमास्नी?"

आबांनी माझ्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "धर." त्यातला अर्थ मला कळला नाही, पण हात पैलवानानं सोडला.

दवाखान्यातनं सोडताना तिथल्या एका मॅडमनी सांगितलं होतं, व्यायामासाठी यांना आणत जा. त्या फिजिओथेरपीच्या. तो शब्द आमच्या गल्लीच्या तोंडात कधी बसला नाही, सगळे त्यांना लकव्याच्या मॅडम म्हणायचे. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. पुण्याकडच्या, वयानं लहान, अंगानं काडी. म्हटलं, "मॅडम, मी आबास्नी कसा आणू? चार पैलवान लागतात उचलायला, आणि पैलवानांनीच घोटाळा केलाय. तुमीच या. मी न्यायला येतो." मॅडमना आधी हसूच आलं. आमच्याकडं बायकाही "मी येतो, मी जातो" असंच म्हणतात, त्यांना त्याची मोठी गंमत वाटायची. पण हसणं संपल्यावर म्हणाल्या, "मंगळवारी ड्यूटी सुटल्यावर येते."

मंगळवारी त्या लुनावरून आल्या. खांद्याच्या हाडाखाली बोट घातलं तर ते खड्ड्यात गेलं. मग त्यांनी थोरल्या पैलवानाला जवळ बोलावलं आणि त्याचं बोटही त्याच जागी ठेवलं. "लागला खड्डा? तुमच्या खांद्यातला हात स्नायूंनी आवळून धरलेला असतो. यांचे स्नायू झोपलेत. हात नुसता लोंबतोय. तो ओढला की सांधा खाली येतो." पैलवान ते बोट तसंच धरून उभा राहिला. एवढा मोठा देह, मांजराच्या पिलासारखा झाला. मग आबांच्या पायाशी बसून ओक्साबोक्शी रडला. "वस्ताद, माज्याच हातानं..." आबांनी डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. त्या दिवशी मला त्याच्यावरचा राग सोडून द्यावा लागला.

मला वाटलं, आता मॅडम या रेड्यांना हाकलून देणार. तर त्या म्हणाल्या, "मी आठवड्यातनं एकदा येणार. एकदा येऊन काय होतंय? बाकीच्या दिवशी कोण करणार? तुमच्याकडं ताकद आहे, वेळ आहे, या माणसावर जीव आहे. ते मला दवाखान्यात कुठं मिळणार? फक्त एक गोष्ट शिका. जोर लावायचा नाही, आधार द्यायचा."

बोलायला सोपं. जन्मभर जोर लावायला शिकलेल्या माणसांना जोर न लावायला शिकवणं म्हणजे काय, ते मी डोळ्यांनी बघितलंय. मॅडम म्हणाल्या, आधी एकमेकांवर सराव करा. मग तालमीत एक पैलवान लकवा झाल्याचं सोंग घेऊन मातीत पडायचा आणि बाकीचे त्याला कुशीवर वळवायचे, बसतं करायचे, उभं करायचे. उभं करता करता सवयीनं कुणीतरी त्याला टांग मारायचा. सोंग घेतलेला उठून शिव्या द्यायचा. एवढा हशा त्या तालमीत कधी झाला नसेल.

आणि इथं नियम आडवा आला. सराव बरोबर चाललाय का, हे मॅडमनी बघायला पाहिजे. सराव तालमीत. आणि तालमीत बाईमाणसानं पाऊल टाकायचं नाही. मारुती ब्रह्मचारी, आखाडा पवित्र. इतर तालमीत काय चालतं ते त्यांचं त्यांना ठाऊक, आमच्या तालमीत हा नियम आबांनी स्वतः कडक केलेला. मी त्या घरात नांदायला आल्यापासून भिंतीपलीकडं काय आहे ते कधी बघितलेलं नव्हतं. माझं डोकं फिरलं, पण मॅडम शांत. त्यांनी आमच्याकडनं खुर्ची मागितली, तालमीच्या दारासमोर भर रस्त्यात टाकली आणि दार सताड उघडायला लावलं. मॅडम रस्त्यात, पैलवान आत. मधनं सायकली, रिक्षा, एखादी म्हैस. आणि मॅडम ओरडताहेत, "गुडघा! अहो, गुडघा धरा! काखेत हात घालू नका!" आवाज चिमणीचा, पण जिद्द बघावी तर त्या बाईची.

रस्त्यात असं काही चाललं तर कोल्हापूरकर पुढं जाईल होय? मंगळवारची गर्दी व्हायला लागली. आधी लोक नुसते बघायचे, टोमणे मारायचे. मग एक म्हातारा पुढं आला, "मॅडम, माज्या भावाला बी लकवा मारलाय, खाटंवर पडून हाय." मग दुसरा. मग मागच्या गल्लीतली बाई नवऱ्याला घेऊन. थोरल्या पैलवानानं तालमीच्या कट्ट्यावर बैठक बोलावली आणि पेठेतली मंडळी जमली. रिक्षावाले म्हणाले, आणणं-पोचवणं आमच्याकडं. सुतारानं तालमीत दोन बाजूंना बांबू ठोकून दिले, धरून चालायला. चढायचा दोर तर तालमीत होताच. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे माती. लकव्याच्या माणसाला सगळ्यात भीती पडायची. फरशीवर पडला की हाड मोडतंय. पण उकरलेल्या, तेल-ताक-हळद पाजलेल्या मऊ मातीत पडला तर काय होतंय? पैलवान पहिली गोष्ट शिकतो ती पडायची. त्यांनी ते म्हाताऱ्यांना शिकवलं. मॅडम बाहेरनं बघून म्हणाल्या, "हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं." गल्लीची छाती दोन बोटं वर आली, माझीसुद्धा. पुढं दोन हजार सालानंतर या तालमीचं नाव एवढं झालं की कुरुंदवाडकडनं, चंदगडकडनं एस.टी.नं माणसं चौकशी करत यायची, आणि आमची पोरं त्यांना सांगायची, "पावणं, लकव्याची तालीम व्हय? ती काय समोर."

पण ज्या एका माणसासाठी हे सगळं सुरू झालं, तो काही आत गेला नव्हता. आबा घरातच. खुर्ची नको, खांदा नको. मग पैलवानांनी काय केलं? आखाड्यातली माती पोत्यांत भरली आणि आमच्या घरामागच्या परड्यात आणून पसरली. वस्ताद तालमीत येत नाहीत ना, तर तालीम वस्तादांकडं! घरभर लाल पावलं. मी आरडाओरडा केला, पोतेरं आपटलं, आणि मनातनं मला त्या माणसांचा इतका अभिमान वाटला की त्या दिवशी सगळ्यांना मटणाचा रस्सा वाढला. आबा त्या मातीत पहिल्यांदा पडले तेव्हा मी घाबरून धावले. तर ते पडल्या पडल्या हसत होते. लकवा झाल्यापासून पहिल्यांदा.

अंगाचं पैलवानांनी घेतलं, तसं तोंडाचं आम्ही बायकांनी घेतलं. मी सांगून टाकलं, "बोलायचं शिकवायचं काम गड्यांचं न्हवं, त्यास्नी स्वतःलाच धड येत न्हाई." यात सगळ्यात पुढं होती ती समोरच्या घरातली मावशी. एकटी बाई, हातगाडीवर भाजी विकायची. जीभ माझ्यापेक्षा धारदार, म्हणजे बघा. रोज सकाळी गाडी घेऊन निघायच्या आधी आमच्या दारात यायची. सुनेशी न बोलणारे आबा तिच्यापुढं मात्र अडकायचे, कारण ती सोडायचीच नाही.

"वस्ताद, ह्ये काय हाय?"

"धर."

"धर न्हवं वो! दोडका. म्हणा, दोडका. मला गिऱ्हाईक खोळंबल्यात, लवकर म्हणा."

"दो... धर."

"अर्धा दोडका झाला. उरलेला उद्या."

असं करत करत तिनं आबांच्या तोंडात दोडका घातला, वांगं घातलं, मेथी घातली. एक दिवस आबा मला म्हणाले, "पाणी." मी कळशी खाली ठेवली आणि तिथंच बसून रडले. पाण्याचं मागनं आठवलं.

मॅडम मंगळवारी पेठेतल्या सगळ्यांचं ब्लडप्रेशर बघायच्या. मावशीला मी दहादा बोलावलं. "मला काय धाड भरलीया!" म्हणून ती गाडी ढकलत निघून जायची. आणि एका दुपारी त्याच गाडीवर तिला झोपवून लोकांनी घरी आणलं. डावी बाजू गेलेली. बोलणं शाबूत होतं, पण त्यातला जोर गेलेला.

तिला उभं राहायला पाहिजे होतं, बाकी काही नको. एकट्या बाईला दुसऱ्याच्या हातानं सगळं उरकून घ्यायचं म्हणजे काय असतं! मला म्हणायची, "मला पळायचं न्हाई बाई. मला फकस्त मोरीपतूर एकटीला जाऊ दे." आम्ही तिला गाडीवर बसवून मंगळवारी तालमीपाशी न्यायला लागलो. पण आत गडी, आत बांबू, आत दोर, आत मऊ माती. बाहेर रस्त्यावर आमची मावशी, खडबडीत डांबरावर पोतं टाकून. येणारा-जाणारा उभा राहून बघतोय. उठवताना पदर सुटतोय, लुगडं वर जातंय, टोळकी हसताहेत. जिनं उभ्या बाजारात कुणाची भीड ठेवली नाही, ती मान खाली घालून बसायची. मग एक दिवस म्हणाली, "मी न्हाई येणार आता. असू दे मला अशीच."

मी तडक तालमीच्या दारात गेले. थोरल्या पैलवानाला म्हटलं, तिला आत घ्या. तो कानकोंडा झाला. "वयनी, आमाला काय हरकत न्हाई. पण वस्तादांचा नियम हाय. वस्ताद असताना आमी कसा मोडायचा?" त्याचंही खरं होतं. मग मी आबांसमोर उभी राहिले. तोवर ते काठी टेकून परड्यात चालायला लागले होते, तुटक तुटक बोलायला लागले होते. म्हटलं, "आबा, तिनं तुमच्या तोंडात एकेक शब्द भरवलाय. आज ती रस्त्यावर बसून लाज गिळतीया. एक शब्द बोला तुमी, बास."

आबांनी तोंड फिरवलं.

मग मात्र मी काही राखलं नाही. "ज्याला स्वतःला कुणाच्या खांद्यावरनं जायची लाज वाटली, त्याला दुसऱ्याची लाज कळू ने? मारुतीला बाईचं वावडं हाय का तुमास्नी?" ताट आपटून मी आत गेले. सासऱ्याला असं बोलले म्हणून मालकांनी माझ्याशी अबोला धरला आणि मी आबांशी. घरात नुसती भांडी बोलत होती.

पुढच्याच मंगळवारी आबा उठले. काठी घेतली, पायताण मागितलं आणि घराच्या पुढच्या दाराकडं बोट केलं. परड्याकडं नाही, पुढच्या दाराकडं! मालकांना काही कळेना, मला कळलं. मी ओरडले असेन, कारण क्षणात बोळ भरला. पैलवान धावत आले, कुणीतरी हलगीवाल्याला उठवून आणलं. आबा उंबरा उतरले. काठी, चांगला पाय, मग फरफटणारा पाय. थोरला पैलवान बाजूनं चालत होता, हात पुढं केलेले पण न लावलेले, मॅडमनी शिकवले होते तसे. हलगी कडाडत होती. आमच्या दारापासून तालमीचं दार ते काय लांब, पण ते अंतर तोडायला त्या माणसानं काय काय सोसलं होतं, ते मी बघितलं होतं. अबोला बिबोला सगळा विसरून मी पदर तोंडात धरून रडत होते.

तालमीच्या उंबऱ्याशी आबा थांबले. आत तोवर गुलाल, हार, सगळी तयारी. आबांनी काठी वर केली. हलगी बंद.

"तिला... आणा."

कुणाला कळेना. "कुणाला, वस्ताद?"

आबा भडकले. जुना आवाज, पहिल्यांदा. "तिला!" आणि काठी समोरच्या घराकडं.

मी पळत गेले. मावशी दारात बसून लांबनंच बघत होती. "नगं बाई, त्यांचा आजचा दिवस हाय, मला कशाला मधी वडतीस," असं ती म्हणत राहिली आणि मी एका बाजूनं, मॅडमनी दुसऱ्या बाजूनं तिला उभं केलं. आम्ही येईपर्यंत आबा उंबऱ्याबाहेर उभेच होते. उजवा पाय लटपट कापत होता. पैलवानानं खुर्ची आणली तर त्यांनी बघितलंही नाही.

"आधी ती," आबा म्हणाले. "मग... मी."

तालमीतला एक जुना माणूस पुटपुटला, "वस्ताद, पण नियम..."

"माझा नियम," आबा म्हणाले. श्वास घेतला. "मीच... मोडला."

मावशीनं आधी चांगला पाय आत टाकला, मग दुसरा ओढला. आम्ही दोघी तिच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळं आम्हीही आत. लाल मातीत आम्ही तिला बसवलं आणि तिनं दोन्ही डोळ्यांना पदर लावला. मग आबा आत आले. आपल्या पायांनी. पैलवानांनी हार पुढं केला, तो त्यांनी काठीनं बाजूला सारला. बांबूला पाठ टेकून ते आखाड्याच्या काठावर उभे राहिले, जिथं आयुष्यभर उभे राहिले होते, आणि मावशीकडं बघून म्हणाले,

"उठ!"

नव्या पोराला म्हणायचे अगदी तसं. दयामाया काही नाही.

मावशीनं पदर खाली घेतला. "उठतो की मर्दा," ती म्हणाली, "जरा दम तर खाऊ दे." मग चांगला हात मातीत रोवला, गुडघा वळवला, एकदा कलंडली, परत रोवला. मॅडमचे हात पुढं, माझे हात पुढं, थोरल्या पैलवानाचे हात पुढं. त्यातल्या एकाही हाताला न लागता ती उभी राहिली.